शनीच्या यंत्राने तुम्हाला नावं ठेवली नाहीत, विहीणबाई

लॉस एंजेलिस,
सप्टेंबर, मनुके वाळत घालण्याचे दिवस

फ्रेझ्नोच्या श्रीमती येरानुही विहीणबाई यांना मार्कारीदचा वाकून नमस्कार. कंबर परवानगी देते तेवढंच वाकले आहे, उरलेलं वाकणं मनाने समजून घ्यावं.

इकडे आम्ही सगळे ठीक. तुमचे गुडघे कसे आहेत? दर पत्रात तुम्ही आधी डाव्याची तक्रार करता, मग उजव्याची. या पत्रात एकाही गुडघ्याचं नाव नाही, त्यावरून तुम्ही किती रागावला आहात ते माझ्या ध्यानात आलं. द्राक्षं उतरवून झाली असतील, वेलींच्या ओळींमधून मनुके उन्हात पडले असतील. देव करो आणि ते उचलेपर्यंत पाऊस न येवो. रविवारी चर्चमध्ये मी तुमच्या मनुक्यांसाठी एक मेणबत्ती लावली. एक तुमच्या रागासाठीही लावणार होते, पण एवढी मोठी मेणबत्ती तिथे मिळत नाही.

मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुमचं पत्र मला स्वयंपाकघरात वाचून दाखवलं ते झाबेलने, आणि हे लिहून घेते आहे तीही झाबेलच, म्हणजे जिचा साखरपुडा मोडायची तुम्ही धमकी दिली आहे तीच माझी नात. मी तिला म्हटलं, अगं, तुला जड जाईल, मी पाद्रीबाबांकडून लिहून घेते. तर म्हणाली, "नको आजी, कशापायी मोडतंय ते मला कळू तरी दे." म्हणून कुठे शाई फुटलेली दिसली तर पेन गळकं आहे असं समजा. पेन नवीन आहे.

आता तुमचं म्हणणं मी माझ्या तोंडाने परत सांगते, म्हणजे काही सुटायला नको. तुम्ही लिहिता की द्राक्षांच्या आशीर्वादाच्या रविवारी चर्चमधली अर्धी मंडळी गाड्या घेऊन गावाबाहेरच्या मैदानावर सिनेमाला गेली, गाडीत बसूनच बघायचा असतो तसल्या. शनीकडे निघालेल्या यानाची गोष्ट होती. ते यान चालवणारं एक शहाणं यंत्र असतं, ते शेवटी बिथरतं, आणि कॅप्टन त्याला मारायला जातो तेव्हा ते बोलायला लागतं. ते बोललं आर्मेनियन भाषेत. तेही आपल्या जुन्या मुलखातल्या, खारपेर्तकडच्या बोलीत. आणि मीठ, रजई आणि दह्याचा हंडा एवढ्या तीन गोष्टींवरून त्याने एका सासूचा असा उद्धार केला की अमेरिकन माणसं भीतीने किंचाळली, आपली माणसं दगडासारखी बसली, आणि मग एका गाडीतून कुणीतरी हसलं. ती गाडी तुमची होती. हसणारी तुमची सून शुशान होती, जी लग्न होऊन आल्यापासून तुमच्यादेखत कधी हसलेली नव्हती. मग मागच्या गाडीने भोंगा वाजवला, मग तिच्या मागच्या गाडीने, आणि सगळ्या गाड्यांमधल्या सुना भोंग्यावर हात ठेवून बसल्या त्या चित्र संपेपर्यंत.

तुमचं म्हणणं, ती सासू म्हणजे तुम्ही. तुमचं म्हणणं, एक तर मी फ्रेझ्नोच्या चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून सगळ्यांसमोर माफी मागावी, नाहीतर झाबेलने तुमच्या नातवाची, बेदरोसची अंगठी परत पाठवावी. आणि माफी मागितली तरीसुद्धा झाबेलने तुमच्या घरी जुनी रीत पाळावी, पहिलं मूल होईपर्यंत वडीलधाऱ्यांसमोर तोंड उघडू नये, कारण या घराण्याच्या जिभेचा तुम्हाला पुरेसा अनुभव आला आहे.

आदरणीय विहीणबाई, (झाबेल विचारते, हाच शब्द म्हणालीस का. मी म्हटलं, हाच लिही.) हे सगळं कसं झालं ते ऐका, आणि मग ठरवा.

माझा जावई गाराबेद, म्हणजे झाबेलचा बाप, सिनेमावाल्यांकडे सुतार आहे. मोठ्या सिनेमावाल्यांकडे नाही. हॉलीवूडच्या मागच्या अंगाला जे लोक एका पडवीत राजवाडाही काढतात आणि मंगळही काढतात, त्यांच्याकडे. डबा घरी विसरायचा हा त्याचा धर्म, आणि तो पोचवायचा हा माझा. लेक शिवणाच्या कारखान्यात जाते, झाबेल ऑफिसात जाते, घरात पायांचा जोड उरतो तो माझा. तर एक दिवस द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेल्या डोलम्यांचं पातेलं घेऊन मी गेले, तेव्हा तिथे शनीचं यान उभं होतं. यान म्हणजे काय, प्लायवूडच्या तीन भिंती. चौथी कॅमेऱ्यासाठी मोकळी. आणि मधल्या भिंतीवर ते यंत्र: आमच्या गाराबेदने चंदेरी रंग फासलेली फळी, तिला भोकं पाडून बसवलेले दिवे, आणि शोभेला अंड्यांचे पुठ्ठे. पुढून बघितलं तर देवाच्या अकलेचं भांडार. मागून बघितलं तर आमचं जुनं कपाट, तेच कापून त्याने फळ्या नेल्या होत्या. (कपाट कुठे गेलं हे मी लेकीला तीन महिने विचारत होते. असो.)

त्या यंत्राने "विचार" केला की दिवे लुकलुकायचे, आणि ते लुकलुकवायला मागे एक माणूस बटणं घेऊन बसायचा. त्या दिवशी त्या माणसाला उचकी लागली, ती काही केल्या थांबेना. ज्या यंत्राला उचकी लागते त्याच्या भरवशावर शनीपर्यंत कोण जाईल? त्याला बाहेर काढलं. मला यातलं काही माहीत नाही. मी आपलं पाहिलं की भिंतीमागे सावली आहे, खुर्ची आहे, खुर्ची रिकामी आहे. बसले. समोर बटणं. रिकामे हात मला कधी ठेवता आले नाहीत, लोकर आणली नव्हती, म्हणून बटणं दाबली. एक सुलट, दोन उलट, मोज्याची वीण घालतात तशी. पलीकडे तो कॅप्टन यंत्राला काहीतरी विचारत होता आणि दिवे म्हणे असे काही चालले की जणू खरंच कुणीतरी आत विचार करतंय. प्रूइट साहेब ओरडले, "मागे कोण आहे? जो कोण आहे त्याला हलू देऊ नका!"

प्रूइट साहेब म्हणजे ते चित्र काढणारे. पोटात व्रण आहे, दिवसभर दूध पितात, आणि दूध पिणाऱ्या माणसाच्या मानाने फार ओरडतात. मागे आले, मला पाहिलं, पातेलं पाहिलं, आणि गाराबेदला म्हणाले, "ही कोण?" गाराबेदचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. म्हणाला, "सासू." साहेब म्हणाले, "हिला सांग, कॅप्टनने विचारलं की दिवे लावायचे. हलायचं नाही, दिसायचं नाही, तोंडातून हूं की चूं काढायचं नाही." गाराबेदने ते मला आपल्या भाषेत सांगितलं आणि मी इतकी हसले की साहेबांना वाटलं उचकी पुन्हा आली. बाबा रे, मी म्हटलं, या कामाचं शिक्षण मी तुझ्या जन्माआधी पुरं केलंय.

तुम्हाला सांगायला नको विहीणबाई, पण झाबेल पेन थांबवून विचारते आहे म्हणून तिला सांगते, आणि ती लिहितेच आहे तर लिहू दे. आपल्याकडे नवी सून घरात आली की तोंडावर पदर, आणि सासू-सासऱ्यांसमोर अवाक्षर नाही. पाणी हवं का, हाताने विचारायचं. हो असेल तर मान खाली. नाही असेल तर हनुवटी वर आणि जिभेने हळूच "च्क". जोवर सासू स्वतः "बोल पोरी" म्हणत नाही तोवर हे चालायचं, कुणाचं वर्षभर, कुणाचं दोन लेकरं होईपर्यंत. माझ्या सासूने, देव तिच्या आत्म्याला उजेड देवो, थोरली लेक झाली तेव्हाही म्हटलं नाही. धाकटा झाला तेव्हा एकदाचं म्हणाली. पाहुणे बोलावले, माझ्या कानात सोन्याचे डूल घातले, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बोल पोरी, आता बोल." सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. इतकी वर्षं काय काय साठवून ठेवलं होतं, रात्री मनात ओळी जुळवून ठेवल्या होत्या, त्यातली एक आठवेना. मी म्हटलं, "तंदुरातली रोटी करपली." ती खरंच करपली होती. सगळे उठून रोटी बघायला गेले. झालं माझं भाषण.

(झाबेल हसत नाही. तिला वाटतं हे दुःखाचं आहे. ज्याचं त्याचं.)

तर मी रोज जायला लागले. साहेबांनी ठेवूनच घेतलं. माझं तोंड सिनेमात दिसलं का, असं तुम्ही विचारलं आहे. नाही दिसलं. माझ्या तोंडापुढे आमचं कपाट होतं.

त्यांचा एक लेखक होता, मिल्टन नावाचा, काडीसारखा, चष्मा नाकावर राहत नव्हता. जेवणाच्या सुट्टीत तो भिंतीमागे यायचा, कारण डोलमे भिंतीमागे होते. (लवकरच सगळेच यायला लागले. शनीच्या वाटेवर दुसरीकडे कुठे जेवणाची सोय नव्हती. कॅप्टन तेवढा तक्रार करायचा की यंत्राला लसणाचा वास येतो.) मी मिल्टनला गाराबेदकरवी विचारलं, हे यंत्र आहे तरी कसलं? तो घास गिळून फार गंभीरपणे सांगायला लागला. ते सगळ्यांची कामं करतं. कधी झोपत नाही. विचारल्याशिवाय बोलत नाही. कोण किती खातो, कोण कुणावर रुसलंय, कोण कुठल्या कोपऱ्यात जाऊन रडतं, सगळं त्याला ठाऊक असतं. त्याच्या जिवावर घर चालतं, म्हणजे यान चालतं, पण कामापुरतं सोडून कुणी त्याला काही विचारत नाही. आणि असं बरीच वर्षं गेल्यावर एक दिवस ते सगळ्या दारांना कड्या घालून घेतं. मी विचारलं, "कुणाची सून आहे ही?" गाराबेदने ते सांगितलं नाही. जावई झाला तरी भित्रा आहे. मिल्टन मला विचारत होता काय म्हणाल्या, काय म्हणाल्या, आणि गाराबेद म्हणाला, "आणखी घे म्हणते."

आता गडबड कशी झाली ते. माझी चूक तिथूनच सुरू होते, ते मी लपवत नाही. कॅप्टनचं काम करणारा हॅलोवे नावाचा उंच गडी होता, छाती अशी की त्यावर ताट ठेवून जेवावं, डोक्यावर केस बसवलेले, आणि सुंदर चेहरा, पण त्या चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. आग लागली तरी तोच चेहरा, शनी दिसला तरी तोच. त्याने यंत्राला विचारायचं होतं, "आपण सगळे सुरक्षित आहोत ना?" आणि मी हिरवे दिवे लावायचे होते. लावले. पण खिळ्याच्या भोकातून मला दिसत होतं की यानाचं दार उघडंच राहिलंय आणि बाहेर कुणीतरी सँडविच खात उभं आहे. म्हणून हात हिरव्यावर असतानाच हनुवटी आपोआप वर गेली, आणि तोंडातून निघालं, "च्क". सवय हो. माणसाचं सगळं जातं, सवय जात नाही. डोक्यावर माईक टांगलेला. त्या यानभर ते "च्क" घुमलं. हॅलोवे एक पाऊल मागे सरला आणि त्याच्या चेहऱ्यावर, पहिल्यांदाच, काहीतरी उमटलं. साहेबांनी दुधाचा पेला खाली ठेवला. मी म्हटलं, गेली नोकरी, आणि गाराबेदचीही गेली. साहेब कुजबुजत म्हणाले, "पुन्हा कर."

मग काय, प्रत्येक प्रश्नाला "च्क". घरी परत पोचू का? च्क. हवा पुरेल का? च्क. हॅलोवे प्रश्न विचारायलाच कचरायला लागला. साहेब खूश. म्हणाले, या पोराला मी इतके दिवस घाबरायला शिकवतोय.

विहीणबाई, इथवर तुमच्याशी काही संबंध आला का? नाही आला. आता शेवट ऐका.

शेवट असा की कॅप्टन यंत्राच्या छातीतली दांडी ओढतो, दिवे एकेक करून मालवतात, यंत्र मरतं, आणि सगळे घरी जातात. एकेक करून मालवायचं काम माझं. पहिल्या वेळी मी सगळे मालवले, एक सोडून. साहेब म्हणाले, एक राहिला. पुन्हा केलं. पुन्हा एक राहिला. गाराबेद मागे येऊन हात जोडायला लागला. मी म्हटलं, नाही मालवायचा. का? तर त्याने विचारलं कुठे, की बाई, दारं का लावून घेतलीस? आला, दांडी ओढली, निघाला. एवढी वर्षं ज्या घरात राबलं त्या घरातून माणूस असं न विचारता जात नाही. गाराबेद म्हणाला, "आई, ते यंत्र आहे." मी म्हटलं, "मग मालवायला मला कशाला बसवलंस?"

साहेबांचं पोट दुखायला लागलं. सगळे थकले होते. हॅलोवेचे डोक्यावरचे केस एका बाजूला सरकले होते. तो तसाच उभा राहिला, दांडी हातात घेऊन, माझ्या त्या एका दिव्याकडे बघत, आणि कुणी सांगितलेलं नसताना वैतागून म्हणाला, "तुला झालंय तरी काय? बोल ना एकदाचं!" इंग्रजी मला फारसं येत नाही. पण "बोल" मला कुठल्याही भाषेत कळतं.

आणि विहीणबाई, मी बोलले. सोन्याचे डूल घातले त्या दिवशी जे आठवलं नव्हतं ते सगळं, रांगेने, एका दमात आलं. मीठ मोजून द्यायचीस आणि आळणी झालं की सगळ्यांसमोर माझं नाव सांगायचीस. हिवाळ्यात लोकरीची रजई जावेला आणि मला गवताची. माझ्या आईने दिलेलं शिंपल्यांचं तोरण तू पाहुण्यांना दाखवायला काढायचीस आणि म्हणायचीस आमच्याकडचं आहे. दह्याच्या हंड्याला हात लावू द्यायची नाहीस, जणू माझ्या हाताने दूध नासतं, आणि मग विरजण बिघडलं की मी बघितलं म्हणून बिघडलं! तुझ्याच घरात मी पडद्यामागे उभी राहिले, आणि बघ, आताही पडद्यामागेच बसलेय! असं पुष्कळ. शेवटी म्हटलं, जा, देव तुला सुखात ठेवो, आणि दिवा मालवला.

हॅलोवे रडत होता. त्याला एक शब्द कळला नव्हता, तरी रडत होता. नंतर म्हणाला, त्याची आई अशीच आवाज चढवायची. साहेबांनी गाराबेदला विचारलं, काय म्हणाली ती? आणि माझा जावई, ज्याने आयुष्यात एकदाच डोकं चालवलं, म्हणाला, "ही आमची जुनी प्रार्थना आहे." साहेबांनी टोपी काढली. म्हणून तर तुम्हाला त्या जागी मागे चर्चचा बाजा वाजताना ऐकू आला. आवाज पत्र्याच्या नळीतून फिरवून घेतला, म्हणजे तो यंत्राचा वाटावा. अमेरिकेत कुणाला काय कळणार आहे, असा साहेबांचा हिशेब. साहेबांना फ्रेझ्नो माहीत नव्हतं.

तेव्हा आदरणीय विहीणबाई, ते सगळं माझ्या सासूला होतं, समुद्रापलीकडे, तुमची-माझी ओळख व्हायच्या कितीतरी आधीचं. लेकी बोले सुने लागे असं म्हणतात. इथे सून बोलली आणि मैदानभर सासवांना लागलं. तुमचं एकटीचंच पत्र आलं असं समजू नका, मला फ्रेझ्नोहून आणखी पत्रं आली आहेत. मिसेस मानुगियन लिहितात ती सासू म्हणजे त्या. बेकरीवाल्या सुलतानबाई लिहितात ती म्हणजे त्या, आणि रजई गवताची नव्हती. पाद्रीबाबांच्या आईंनी तर निरोप पाठवलाय की त्यांचं नाव तरी घ्यायचं नव्हतं. मी कुणाचंच घेतलं नव्हतं. टोपी मी हवेत फेकली, ती इतक्या जणींच्या डोक्यावर नेमकी बसली याला मी काय करू? आता पायऱ्यांवर उभी राहून मी तुमचीच माफी मागितली, तर बाकीच्या म्हणतील, म्हणजे ती सासू येरानुहीच होती. इतके दिवस ज्याचा नुसता संशय आहे त्याला पाद्रीबाबांसमोर शिक्का बसेल. तुमच्या भल्यासाठी म्हणून मी माफी मागत नाही.

पोरीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. तिच्या समोर मी जास्त कौतुक करत नाही, केलं की लिहायचं थांबते. एवढंच सांगते की तुमचा बेदरोस परवा इथवर गाडी हाकत आला होता. (कॉलेजात त्याला पीट म्हणतात, मला ते नाव शिंकल्यासारखं वाटतं.) दारातच उभा राहिला, म्हणाला, "आजी, माझी आई त्या रात्री घरी जाईपर्यंत हसत होती. मी तिचा हसण्याचा आवाज ओळखलाच नाही." मग आत आला आणि काहीच न बोलता जेवला. झाबेलही बोलली नाही. दोघं मीठ एकमेकांकडे सरकवत होती. मला ती शांतता ओळखीची वाटली आणि मुळीच आवडली नाही.

घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद, शुशानला दोन जास्त. तुमच्या गुडघ्यांना माझा स्वतंत्र नमस्कार.

तुमची, अजून तरी विहीण,
मार्कारीद

ता. क. झाबेलने सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते, आजी, एक गोष्ट खोटी राहिली आहे. ठीक आहे. मीठ माझ्या सासूचं, रजई माझ्या सासूची. दह्याचा हंडा तुमचा. साखरपुड्याला आले होते तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरात पाहिलं, शुशान त्याच्याजवळून जाताना हात पाठीमागे धरते. माझ्या सासूकडे हंडा नव्हता, मडकं होतं. बोलण्याच्या भरात भांडी बदलतात.

आणखी एक. पत्र लिहायचं खरं कारण हे. प्रूइट साहेबांचं चित्र जोरात चाललंय, ते दुसरं काढतायत. त्यात एक जुनं, मोठं यंत्र आहे. पहिल्या यंत्राला त्यानेच घडवलेलं असतं, आणि ते सगळ्यांना आज्ञा सोडतं. साहेब म्हणाले, तुझ्यासारखाच पण जास्त भारदस्त आवाज हवा, ओळखीत कुणी आहे का? मी म्हटलं, आहे. गाराबेद तुमच्यासाठी भिंतीमागे गादीची खुर्ची करतोय, पायाखाली पाट ठेवतोय. मनुके उचलून झाले की या. फ्रेझ्नोची सगळी मंडळी पुन्हा गाड्या घेऊन येईल. तुमचं जे काय उत्तर असेल ते तिथे द्या, मी समोरच्या भिंतीमागे बसून ऐकून घेईन, एक दिवासुद्धा मध्ये लावणार नाही. चर्चच्या पायऱ्यांवर अशी किती माणसं मावतात?

झाबेल म्हणते, खाली तिला स्वतःच्या चार ओळी लिहायच्या आहेत आणि त्या ती मला वाचून दाखवणार नाही. मला अक्षर येत नाही याचा इतका फायदा आजवर कुणी घेतला नव्हता.

* * *

येरानुही आजी, मी झाबेल. अंगठी मी काढलेली नाही. ती पीटने घातली आहे, काढायची असेल तर त्याने येऊन काढावी. परवा त्याने काढली नाही.

मी तुमच्याकडे आले की गप्प राहणार नाही. यात राग नाही, मला जमणारच नाही म्हणून सांगते. पहिल्याच दिवशी मी तुम्हाला एक गोष्ट विचारणार आहे, आणि शुशानकाकूंना शेजारी बसवून विचारणार आहे: तुम्ही सून होतात तेव्हा तुम्हाला "बोल पोरी" असं कोणी म्हटलं होतं का? म्हटलं नसेल तर मी म्हणेन. माझ्याकडे वेळ आहे, आणि रोटीची चूल आधीच विझवून ठेवेन.